बैठे काम सुरू होणे म्हणजे जखम भरणे नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्तनांचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेवरील माझ्या लेखाबद्दल आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपली बहीण आठवड्याभरात कामावर रुजू झाली. मी मात्र सहा आठवड्यांची बंधने, उघडणारी जखम आणि तंबाखूवरचा उपदेश यांनी बायकांना विनाकारण घाबरवले, असा आपला आक्षेप आहे.

बैठे काम आठवड्या-दोन आठवड्यांत बऱ्याच जणींना जमते. पण वरून टाके जुळलेले दिसले, तरी आतल्या ऊती ताण सोसण्याइतक्या भक्कम व्हायला कित्येक आठवडे जातात. म्हणूनच चार ते सहा आठवडे जड उचलू नये, पालथे झोपू नये आणि आधार देणारी ब्रा रात्रंदिवस घालावी, असे सर्जन साधारणपणे सांगतात.

जखम उघडण्याबद्दल मी मुद्दाम लिहिले. उलट्या ‘टी’सारख्या छेदात उभी आणि आडवी शिवण स्तनाखालच्या घडीत जिथे मिळते, तिथे ताण जास्त आणि रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत तिथली नखाएवढी जागा कधीकधी उघडते आणि ड्रेसिंगवर पिवळसर ओला डाग दिसतो. बहुतेक वेळा ती नियमित ड्रेसिंगने भरून येते. हे आधी ठाऊक असलेली बाई डाग दिसताच सर्जनना दाखवते. ठाऊक नसलेली आपल्याच हातून काहीतरी बिघडले असे समजून रात्र जागून काढते. मी लिहिले ते या दुसरीसाठी.

तंबाखूचेही तसेच. स्तनाग्र बहुतेक वेळा ऊतींच्या एका पट्ट्याला जोडलेले ठेवूनच वर घेतात आणि त्या पट्ट्यातील रक्तावरच ते जगते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधीपासून आणि नंतरही काही आठवडे सिगारेट व तंबाखू पूर्ण बंद हवी. यात सवलत नाही, आणि हा उपदेशही नाही.

एका बाजूला अचानक वाढणारी सूज, ताप, पोटरीतील दुखणे किंवा धाप यांपैकी काहीही दिसले, तर ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

आपल्या बहिणीच्या शस्त्रक्रियेला अजून महिना झालेला नाही, असे आपण लिहिता. ती कामावर जाते याचा मला आनंदच आहे. पण सर्जन परवानगी देईपर्यंत तिने मुलाला कडेवर घेऊ नये, एवढे तिला आवर्जून सांगा.