दोन रोलर, एक पट्टा आणि तो मेसेज

नेरूळ-बेलापूरकडच्या हौशी बोटवाल्यांत सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं : फायबरची बोट दणकट असते, ट्रेलरवर तिच्या पठाणाखाली, म्हणजे तळाच्या मधल्या रेषेखाली, दोन रोलर पुरेत. मागचा भाग थोडा अधांतरी राहिला तरी बिघडत नाही. वरून पट्टा कचकचून आवळा. आणि गाडीच्या हूकवर भार नको म्हणून बोट जरा मागे सरकवून ठेवा. शेवटी 'अनुभवाचे बोल, पुढे पाठवा'. या बोलांवर मी स्वतः दोन हंगाम काढलेत, म्हणून उत्तर द्यायचा थोडा हक्क सांगतो.

त्यातलं सगळ्यात पटणारं वाक्य आधी घेतो : "दिवाळे गावातल्या कोळ्यांच्या होड्या ओहोटीला चिखलात बसतात, त्यांना कुठे काय होतं?" खरंय, बसतात. पण कशा बसतात ते एकदा जेटीवर उभं राहून बघा. पाणी उतरेल तशी होडी सावकाश टेकते, चिखल दबतो, आजूबाजूला सरकतो आणि तळाचा आकार घेतो. भरतीला होडी निघून गेली की मागे तिचा साचा उरलेला दिसतो. म्हणजे भार लांबच लांब पसरलेला असतो. रोलरचं तसं नाही. 400 किलोची बोट दोन रोलरवर ठेवली की एकेकावर 200 किलो, आणि टेकायला जागा किती? दोन बोटं रुंद. हे झालं उभ्या बोटीचं गणित. सेक्टरातल्या गतिरोधकावरून ट्रेलर धाडकन उतरतो तेव्हा त्याच दोन बोटांवर याहून कितीतरी जास्त येतं. बोट बांधलेली असते ती पाण्याने सगळ्या अंगाने उचलून धरावी म्हणून. फायबरची ताकद त्या हिशोबाची आहे, टोचण्याच्या हिशोबाची नाही. तेव्हा कोळ्यांचं उदाहरण मेसेजवाल्याच्या नाही, माझ्या बाजूचं आहे.

आता "मागचा भाग थोडा अधांतरी". इथे माझंच हसं झालंय. माझी बोट 16 फुटी. ट्रेलर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतला. वेल्डिंग नजर लागावी असं, पण त्या माणसाने जन्मभर टेम्पोचे हौदे बांधलेले. त्याने आधाराच्या लाकडी फळ्या, म्हणजे बंक, चेसिसबरोबर संपवल्या. ट्रान्सम, म्हणजे इंजिन लावायची मागची भिंत, त्यापुढे नऊ इंच लोंबकळत राहिली. त्यावर 40 हॉर्सपॉवरचं इंजिन, सत्तरेक किलोचं, बारा महिने.

दुसऱ्या हंगामात बोट जड चालायला लागली. वेग घेतला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर यायच्या ऐवजी पाण्यात खुपसायची. कार्बोरेटर साफ केला, पंखा बदलला, इंधनाला शिव्या घातल्या. शेवटी शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याची सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मागून आणली आणि तळाला मागून पुढे लांबीत लावली. फळी जिथे संपत होती तिथे, पट्टी आणि तळ यांच्या मध्ये, रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून आरामात आत सरकली. मागची भिंत खाली झुकली होती आणि तळाला खोलगट बाक आला होता. या बाकालाही बोटवाले हूकच म्हणतात. धावताना असा तळ पाणी खाली ढकलतो, मागची बाजू उचलतो आणि नाळ दाबतो. चार-पाच मिलिमीटरांनी एवढं होतं यावर माझा विश्वास बसला नसता.

उपाय साधा : फळ्या थेट ट्रान्समच्या खालपर्यंत न्यायच्या, दोन बोटं बाहेर आल्या तरी हरकत नाही. आणि त्या कुठेही नाही, तर तळात आतून लांबीने गेलेल्या कण्यांच्या, स्ट्रिंगरांच्या खाली. ते दिसत नसले तर बाहेरून बोटाच्या पेराने ठोकत जा. पोकळ आवाज येतो ती नुसती कातडी, भरीव आवाज येतो तिथे कणा. (अ‍ॅल्युमिनियमची बोट असेल तर तांब्याचं औषध मुरवलेलं लाकूड फळीला वापरू नका. खारं पाणी लागलं की धातू त्याच रेषेत खाल्ला जातो.)

पट्ट्याबद्दल फार बोलायला नको. खाली आधार नाही अशा जागी वरून रॅचेट, म्हणजे पट्टा आवळायचा खटका, पिळला तर बोट घट्ट होत नाही, वाकते. ट्रान्समच्या दोन कड्यांपासून खाली चेसिसला दोन पट्टे आणि नाळेला विंचशिवाय (बोट ट्रेलरवर ओढून घ्यायची चरखी) वेगळी साखळी. पुरे.

बोट मागे सरकवायचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, घातक आहे. हूकवर एकूण वजनाच्या साधारण 5 ते 10 टक्के भार हवा. बोट-ट्रेलर मिळून 800 किलो असेल तर 40 ते 80. त्याहून कमी झाला की ट्रेलर शेपटीसारखा डुलतो, आणि सायन-पनवेल हायवेवर शेजारून कंटेनर जात असताना तो अनुभव कोणी घेऊ नये. मी भंगारवाल्याचा काटा दहा मिनिटं उसना घेऊन दांडीखाली ठेवला होता. निघाले 22. नाळेचा अडसर आणि विंचचा खांब पुढे घेऊन बोट सरकवली, तेव्हा 60 वर आलं. मग मागे फळ्या पुरतात का ते पुन्हा तपासायला लागलं, कारण एक हललं की दुसरं हलतं.

मेसेजमध्ये पावसाचा शब्दही नाही, हे नवी मुंबईत राहून कसं जमलं कोण जाणे. ताडपत्री झोळ धरते, फाटते, आणि ड्रेन प्लग, म्हणजे पाणी काढायच्या भोकाचं बूच, लावलेला राहिला तर आत तळं. तीन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद जागेत 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे 375 लिटर, तेवढेच किलो. जवळपास दुसरी बोट पहिलीत घालून ठेवल्यासारखं. तेव्हा जूनमध्ये नाळ थोडी वर आणि प्लग बाहेर. माझा प्लग पावसाळाभर फ्रिजशेजारच्या खिळ्याला, गाडीच्या किल्लीसोबत टांगलेला असतो.