कोऱ्या टीटी फॉर्मवर गाडी आपली होत नाही

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. "मामा, ग्रुपवर एक टाकलोय बघा, जुनी गाडी घ्यायचं. वाचलाव का?"

वाचला होता. वाचायचं टाळता आलं नाही असं म्हणा, कारण जुनी दुचाकी कशी घ्यावी हे सांगणारा तो मेसेज दिवसभरात चार ठिकाणांहून आला होता. त्यातला एक आमच्या आईनं पाठवलेला, खाली जोडलेले हात. आईनं आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही.

"शोरूमवाले आणि मेकॅनिक लपवतात त्या सात गोष्टी" असं त्याचं नाव. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी सातही सांगतो. एक, मीटर तीस हजारांच्या आत असेल तर डोळे झाकून घ्या. दोन, शिक्षक किंवा डॉक्टरची सिंगल हँड (एकाच मालकानं वापरलेली) गाडी कधी खराब निघत नाही. तीन, कर्नाटक पासिंग घ्या, स्वस्त पडते, कोणी विचारत नाही. चार, इंजिन ऑइल कुठलंही चालतं, कारचं उरलेलं घातलं तरी. पाच, इथेनॉलचं पेट्रोल जुनी गाडी खातं. सहा, म्हणून टाकीत दोन डांबरगोळ्या टाका, ॲव्हरेज वाढतं. आणि सात, गाडी नावावर करण्यात पैसे घालवू नका. टीटी फॉर्मवर (नाव बदलायच्या अर्जावर) सह्या आणि शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं की गाडी तुमची.

भाचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात नुकताच लागलाय. राहतो विडी घरकुलात. बजेट पस्तीस हजार. 2015 ची शंभर सीसीची एक मोटारसायकल बघून, एका दलालाला पाच हजार इसार देऊन मोकळा झाला होता. नाव कोणाचं आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, "पंढरपूरच्या कोणाचं तर हाय. टीटीवर त्याच्या सह्या तयार हायत." म्हणजे पंढरपूरकरानं गाडी कोणाला तरी विकली, त्यानं दलालाला दिली, दलाल आता आमच्या पोराला देतोय, आणि आरसी बुकात मात्र पहिलाच माणूस बसलेला. म्हणून आधी सातव्या मुद्द्याकडेच येतो. बाकीच्यांनी फार तर इंजिन बसेल.

मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यात मालक कोण, याचं उत्तर एका ओळीत आहे: ज्याच्या नावावर गाडीची नोंद, तो मालक. ताबा कोणाकडे, पैसे कोणी मोजले, स्टॅम्पवर काय लिहिलंय, याला तिथं जागा नाही. (शंभराचा स्टॅम्प तर 2024 च्या ऑक्टोबरातच गेला, आता पाचशेचा लागतो. मेसेज किती शिळा आहे ते यावरून ओळखा.) त्याच कायद्याचं कलम 50 सांगतं की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत नाव लावायला अर्ज करायचा. आपण ज्याला टीटी फॉर्म म्हणतो ते म्हणजे फॉर्म 29 आणि 30. ते अर्ज आहेत. आरटीओत दाखल होईपर्यंत त्यांची किंमत भेळेच्या कागदाइतकी.

हे फक्त पुस्तकातलं आहे असं वाटत असेल तर सुप्रीम कोर्टाचा 6 फेब्रुवारी 2018 चा निकाल बघा. प्रकरण हुबेहूब आमच्या भाच्याच्या गाडीसारखं. एक कार एकानं विकली, ती पुढं आणखी हातांतून गेली, नाव कोणीच बदललं नाही. 2009 मध्ये त्या कारनं अपघात झाला, एक जीव गेला. हायकोर्टानं म्हटलं, ज्याच्या ताब्यात गाडी होती त्यानं भरपाई द्यावी. सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं. नोंद ज्याच्या नावावर, जबाबदार तो. आपण गाडी कधीच विकली हे सांगून सुटका नाही. कारण कोर्टानं साधं दिलंय: अपघातात होरपळलेल्या घरानं गाडी कोणी कोणाला विकली ती साखळी हुडकत फिरायचं नाही.

म्हणजे पंढरपूरचा तो बिचारा माणूस आज घरी निवांत बसलाय आणि त्याला पत्ताही नाही की त्याच्या नावाची गाडी सोलापुरात कोण पळवतंय. "मग गेलं त्याचं, आपलं काय जातंय?" हे भाच्याचं म्हणणं. आपलंही जातं. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकासाठी 15 लाखांचं अपघात कवच मिळतं. ते नोंदणीकृत मालकासाठी असतं. दुसऱ्याच्या नावावरची गाडी चालवताना याला काही झालं तर माझ्या बहिणीला ते मिळणार नाही. गाडी चोरीला गेली तर क्लेम करणारा तू कोण? उद्या गाडी विकायची झाली तर सह्या कोणाच्या आणणार? पंढरपूरकर वारला, तर त्याच्या वारसांच्या दारात जाऊन उभं राहणार?

माझंही सांगतो, कारण हा मूर्खपणा मी स्वतः केलेला आहे. माझी जुनी गाडी मी एका दलालाला अशाच कोऱ्या टीटीवर सह्या करून दिली होती. दोन वर्षांनी मोबाइलवर चलन आलं, पुण्याचं. फोटो उघडला. गाडीवर तीन पोरं, तिघांच्याही डोक्यावर हेल्मेट नाही, मधला हसतोय. एकालाही ओळखत नाही. गाडी मात्र लगेच ओळखली, कारण मागच्या मडगार्डवर गड्ड्याच्या यात्रेत घेतलेलं सिद्धेश्वराचं स्टिकर मीच तिरकं चिकटवलं होतं. दलाल म्हणाला, "साहेब, ती तर पुढं तीन हात गेली." दंड मी भरला. दंडाचं सोडा, त्या तिघांनी कोणाला उडवलं असतं तर? हा विचार अजून अधूनमधून रात्री येतो.

नाव लावायची सरकारी फी दुचाकीला काही शे रुपयांत बसते. एजंट दोन-तीन हजार सांगतो ती त्याची मजुरी, कायद्याचा खर्च नव्हे. परिवहनच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला की विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, ते दिसतं. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 मिळाल्याशिवाय रुपया द्यायचा नाही. चलनं बाकी आहेत का तेही बघायचं. 2019 च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी (जास्त सुरक्षेची नंबरपाटी) बसलीय का, आणि चेसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) ठोकलेला नंबर आरसीशी अक्षरशः जुळतो का. चेसिस नंबर बघताना फडकं आणि थोडं रॉकेल न्या, तिथं नेहमी मळ साचलेला असतो. आणि तो मुद्दाम साचू दिलेला असू शकतो.

आता डांबरगोळी. यावर लिहायलाही लाज वाटते, पण पंपावर लोक टाकताना पाहिलेत म्हणून लिहितो. कपाटातली गोळी पेट्रोलमध्ये विरघळते, हे खरं. पेट्रोल उडून गेल्यावर ती कुठं जाते? कार्बोरेटरच्या वाटीत राहते. आमच्या अशोक चौकातल्या मेकॅनिकनं एकदा अशी वाटी उघडून दाखवली होती: तळाला पांढरे चमचमणारे खडे, मिठासारखे. पेट्रोल ज्यातून जातं त्या जेटचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. त्यात असा एक खडा अडकला की गाडी चढावर मान टाकते. ॲव्हरेज वाढतं म्हणणाऱ्यानं कधी टाकी पूर्ण भरून, किलोमीटर लिहून, परत भरून मोजलेलं नसतं. मोजलं असतं तर असं बोलला नसता. शिवाय बाजारातल्या सगळ्या गोळ्या एकाच पदार्थाच्या नसतात, काहींत क्लोरीन असतं. ते तुमच्या इंजिनात जाळायचंय?

इथेनॉलचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि हे कबूल करताना मला आनंद होत नाही. 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या पेट्रोलमधलं 20 टक्के इथेनॉल धरून बनवलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच दुचाकीचं ॲव्हरेज 3-4 टक्के कमी होईल असं लिहिलंय, आणि जुन्या गाडीचे काही रबरी भाग, गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात हे पेट्रोलियम मंत्रालयानंही मान्य केलंय. आमच्या जिल्ह्यानं तक्रार तरी कोणत्या तोंडानं करायची? शेतात ऊस, कारखान्यात ऊस, आता टाकीतही ऊस. पण म्हणून गाडी "खाल्ली" जात नाही. जुनी घेतली की पेट्रोलचा पाइप, कार्बोरेटरची सीलं बदलून घ्या, किरकोळ खर्च आहे. आणि गाडी महिनामहिना उभी ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढतं, ते टाकीच्या तळाला बसतं आणि गंज धरतो.

मीटरचं काय सांगायचं. केबलचं मीटर मागं फिरवायला दहा मिनिटं लागतात आणि डिजिटलही फिरवून मिळतं. मीटर खोटं बोलतं, रबर बोलत नाही. ब्रेक पेडलचं आणि फूटरेस्टचं रबर गुळगुळीत झालंय आणि मीटर म्हणतंय अठरा हजार, मग समजून घ्या. टायरच्या कडेला चार आकडे असतात. 2316 म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. पंधरा हजार चाललेल्या 2015 च्या गाडीला 2021 चे टायर कसे, हे विचारायचं. आणि मालक काय काम करतो हे बघण्याऐवजी गाडीनं काय काम केलंय ते बघा. शिक्षकाची गाडीसुद्धा सकाळी दुधाचे कॅन वाहते. आपल्याकडं गाडीवर चादरींचे गठ्ठे जातात, पाणी रोज येत नाही म्हणून घागरी लटकतात. मागचं सीट काढून खालच्या पाइपांवर वेल्डिंगचा ताजा डाग शोधा, मागचे शॉकप तेलकट आहेत का बघा. गाडी सरळ रस्त्यावर चालवायला सांगून स्वतः मागून बघा. दोन्ही चाकं एका रेषेत नसतील तर चेसिस वाकलीय, तिला स्वस्तातला इलाज नाही.

बघायला सकाळी लवकर जा, न सांगता. पोहोचल्यावर आधी सायलेन्सरला हात लावा. गरम असेल तर तुमच्यासाठी चालू करून ठेवली होती. थंड गाडीलाच किक मारायची. थोडा वेळ थांबून निळसर धूर कायम राहिला तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंग-पिस्टन किंवा हेडचं काम. हँडल हळूहळू डावीउजवीकडं फिरवताना मध्ये कट्‌कन अडकलं तर कोन सेट (हँडलचं बेअरिंग) गेला. ते काही फार मोठं नाही, किमतीत वजा करून घ्या.

ऑइलबद्दल दोनच ओळी. मोटारसायकलचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो, कारचा नसतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घसरण वाढवणारी द्रव्यं असतात. ते घातलं की क्लच प्लेट घसरतात: इंजिन ओरडतं, गाडी पुढं जात नाही. डब्यावर जासो एमए (अशा क्लचसाठीचं प्रमाण) लिहिलेलं बघून घ्या, लागतं जेमतेम लिटरभर. आणि एअर फिल्टर. एमआयडीसीच्या रस्त्याची धूळ बघितली असेल तर यावर वेगळं सांगायला नको.

कर्नाटक पासिंग. विजापूर, कलबुर्गी जवळ, त्यामुळं केए-28 आणि केए-32 सोलापुरात ढिगानं दिसतात हे खरं. पण तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र नसेल तर इथं नोंद होत नाही, बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर एमएच-13 घेणं भाग आहे, आणि तेव्हा महाराष्ट्राचा कर लागतो. वाचलेले पैसे तिथं गेले.

आणि हो, मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मी सांगतो: तंग बजेटमध्ये साधी, शंभर सीसीची, कार्बोरेटरवाली गाडी वाईट नाही. सुटे भाग कन्ना चौकातही मिळतात, कोणीही दुरुस्त करतं. 2020 नंतरच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या बिघडल्या की स्कॅनर लागतो. पस्तीसचं बजेट असेल तर गाडी तिसाची बघायची. पाच हजार चेन-स्प्रॉकेट, बॅटरी, एखादा टायर यांत जातातच.

भाच्याला घेऊन मी दलालाकडं गेलो. आरसीवरच्या माणसाला आरटीओत आणा, नाव लावून द्या, उरलेले पैसे तिथंच मोजतो म्हटलं. तो म्हणाला, "त्यो आता कुठं असतो कुणाला ठाव?" पाच हजारांतले साडेतीन परत मिळाले, दीड त्यानं "पॉलिशचा खर्च" म्हणून ठेवून घेतले.

काल जुळे सोलापुरात दुसरी बघून आलो, 2017 ची. सीट फाटलंय, डाव्या बाजूला डेंट आहे, मीटर अडुसष्ट हजार दाखवतंय. आरसीवर नाव विकणाऱ्या बाईंचं स्वतःचं आहे, आणि विजापूर रोडच्या आरटीओत सोमवारी किती वाजता येऊ, असं त्यांनीच विचारलं.