‘आधी लॅबचं तोंड बघा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सांडपाण्यातली सेंद्रिय प्रदूषकं रंगावरून जागेवरच दाखवणाऱ्या झटपट चाचणी-किटवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “ताई, आधी लॅबचं तोंड बघा, मग लिहा. रंग बघून प्रदूषण कळत असतं तर जीसी-एमएसवर लाखो रुपये कोणी घातले असते? हे किट चुकीचं पॉझिटिव्ह दाखवतात, कोर्टात टिकत नाहीत. कंपनीने पैसे दिलेले दिसतात.” (जीसी-एमएस म्हणजे नमुन्यातली रसायनं एकेक वेगळी करून ओळखणारं लॅबमधलं मशीन.) मतभेद असू द्या. पण ते पहिलं वाक्य गिळून गप्प बसणं मला जमणार नाही.

लॅबचं तोंड मी पाहिलंय. रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका खासगी लॅबमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. लिटरभर सांडपाणी सेपरेटरी फनेलमध्ये घ्यायचं, प्रदूषकं ओढून घेणारं ६० मिली डायक्लोरोमिथेन हे द्रावक ओतून हलवायचं, मध्येच फनेल उलटं धरून कॉक उघडायचा आणि कोंडलेली वाफ सोडायची. एकेका नमुन्याला हे तीनदा. पाणी तेलकट असलं की दोन थरांच्या मध्ये पांढरट इमल्शन धरतं. ते फुटेपर्यंत ताटकळायचं. मग द्रावक उडवून अर्क मिलीभरावर आणायचा, तेव्हा कुठे जीसी-एमएसची पाळी. मशीन तासाभरात मोकळं होतं, वेळ खाते ती त्याआधीची तयारी. संध्याकाळी मनगटं ठणकायची. तुम्ही कुठल्या लॅबमध्ये काम केलंत, ते प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही.

क्रॉस-रिॲक्शनचं, म्हणजे किटने मिळत्याजुळत्या दुसऱ्या रसायनालाही पकडण्याचं, मान्य. ॲट्राझिन या तणनाशकासाठी बनवलेली अँटिबॉडी (ठरावीक रसायनाला चिकटणारं, किटमधलं प्रथिन) त्याच्याच जातीच्या प्रोपाझिनलाही धरते आणि त्यावर लेखात एकच ओळ होती, आणखी दोन चालल्या असत्या. पण तेवढ्यावरून पद्धतच बाद? चुकीचं पॉझिटिव्ह आलं तर तो नमुना जीसी-एमएसवर जातो आणि तिथे सोक्षमोक्ष लागतो. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संरक्षण संस्थेने पीसीबी आणि पीएएच या विषारी सेंद्रिय रसायनांच्या गटांसाठी इम्युनोअसे (अशाच अँटिबॉडीवर चालणाऱ्या चाचण्या) आपल्या पद्धतींत घेतले आहेत, ते अशाच पहिल्या चाळणीसाठी. आणि रंगाचं म्हणाल, तर या किटमध्ये रंग जितका फिका तितकं प्रदूषक जास्त. टीका करण्याआधी एवढं तरी वाचायचं होतं.

खाडीला दिवसातून दोनदा भरती येते. रात्री नाल्यात कोणी टँकर रिकामा केला, तर सकाळी तिथे काय उरणार? काठावर उभं असतानाच कळलं पाहिजे की कुठली बाटली बर्फात घालून लॅबला धाडायची आणि आणखी नमुना कुठून घ्यायचा. २०१७ मध्ये कारखान्याच्या रंगाच्या सांडपाण्याने तळोज्यातली कुत्री निळी झाली, म्हणून सगळ्यांना दिसलं. बेंझीनला रंग नसतो. ते पाण्यात आहे की नाही, हे आठवड्याने कळून काठावरच्या मासेमारी करणाऱ्याला काय उपयोग?

कोर्टाचं सोडून देते, तसा दावा मी केलाच नव्हता. पैशांचं म्हणाल तर कुठल्याही कंपनीचा एक रुपया मी घेतलेला नाही. हा आरोप पुन्हा आला तर ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही.