मेल खरा आहे, पण तुझा आहे का?

काल पिंट्या कट्ट्यावर आला तोच फोन पुढे करत. "हे बघा, मी कुठेही काही केलं नाही आणि हा मेल आलाय."

सगळे वाकून बघायला लागलो. एका साइटच्या नावाने आलेला मेल. तुमचं खातं तयार झालंय, पक्कं करायला बटण दाबा, एवढाच मजकूर. मधोमध मोठं निळं बटण, आणि तळाशी बारीक अक्षरात 'हे खातं तुम्ही उघडलं नसेल तर इथे क्लिक करा'. पिंट्याचा अंगठा नेमका त्या बारीक ओळीवर.

"थांब!" ताई ओरडलीच. ती एका कंपनीचे मेल सर्व्हर सांभाळते.

"अगं, मी नव्हे म्हणूनच सांगतोय ना त्यांना."

"मेल खोटा असेल तर गळ त्याच ओळीत लावलेला असतो. ज्याने खातं उघडलंच नाही तो 'पक्कं करा' कशाला दाबेल? घाबरलेला माणूस 'मी नव्हे' दाबतो. समोर लॉगिनचं पान येतं आणि रद्द करायच्या घाईत तो आपला पासवर्ड टाकून मोकळा होतो."

आबांना पटेना. "पण वर नाव त्या साइटचंच दिसतंय की."

"आबा, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही लिहावं, पोस्टमन थोडाच विचारतो? मेल पाठवायचे नियम १९८२ साली लिहिले, तेव्हा पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच नव्हती. ती पुढे कितीतरी वर्षांनी वरून बसवली."

मग तिने त्या नावावर बोट ठेवलं, खरा पत्ता उघडला. निळं बटण दाबायचं नाही, नुसतं दाबून धरायचं, म्हणजे लिंक कुठे जाते ते दिसतं. तेही दाखवलं. लिंकचा पत्ता वाचायची तिची रीत मला फार उपयोगी वाटली. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडायच्या, त्यानंतरची पहिली तिरपी रेघ शोधायची आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचत यायचं. 'खाते.अमुक.कॉम' ही अमुकचीच जागा. पण 'अमुक.कॉम.खाते-तपास.नेट' दिसलं तर मालक 'खाते-तपास.नेट', पुढे लावलेलं अमुक ही नुसती पाटी. आपण डावीकडून वाचतो, ओळखीचं नाव दिसलं की तिथेच थांबतो, आणि तिथेच फसतो.

"पण कुलूप असतं ना पत्त्याशेजारी?" मास्तरांनी विचारलं.

"कुलूप म्हणजे तुमचं आणि त्या साइटचं बोलणं मधल्या कुणाला ऐकू जात नाही, इतकंच. पलीकडे बसलाय तो चोर आहे की साव, ते कुलूप सांगत नाही. २०१५ पासून कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र सर्रास फुकट मिळतं, चोरालाही मिळतं. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचं चिन्हच काढून टाकलं."

पिंट्याचा मेल जीमेलचा. ताईने लॅपटॉप काढून त्याला लॉगिन करायला लावलं, मेलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांमधून मूळ मेल उघडला. पाठवणारा खरा आहे का हे तपासणाऱ्या तीन चाचण्यांचे निकाल तिथे दिसतात. एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास, आणि डोमेन, म्हणजे साइटचा मूळ पत्ता, त्या साइटचंच. पिंट्याने सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे खरा! मग आता क्लिक करू?"

इथून खरी जुंपली.

मास्तर म्हणाले, "खरा आहे म्हणून क्लिक करायचं? तू खातं उघडलंस का? नाही ना? मग विषय संपला, उडव तो मेल."

ताई त्यांच्याही पुढे गेली. तिचं म्हणणं, तीन पास म्हणजे मेल त्या डोमेनवरून निघाला एवढंच सिद्ध झालं. चोराने स्वतःचं डोमेन घेतलं तर त्यालाही तीन पास मिळतात. आणि डोमेन खरं असलं तरी मजकूर खराच असेल असं नाही. खातं उघडायच्या फॉर्ममध्ये 'नाव' या रकान्यात कुणी 'तुमच्या खात्यातून पैसे गेले, या नंबरवर फोन करा' असं लिहिलं आणि ईमेलच्या रकान्यात पिंट्याचा पत्ता टाकला, तर साइट बिचारी 'नमस्कार' म्हणून तो सगळा मजकूर आपल्याच सहीने पिंट्याला पाठवून देते.

हे माझ्यासाठी नवीन होतं. पिंट्याच्या मेलमध्ये तसं काही नव्हतं. नमस्कारानंतर भलतंच नाव होतं, पहिलं अक्षर आणि आडनाव मात्र पिंट्याचंच. तिथे उलगडा झाला. पिंट्याचा पत्ता नावाचं पहिलं अक्षर, टिंब, आडनाव असा. मेल आला होता त्या पत्त्यात टिंब नव्हतं, आणि जीमेल टिंब मोजतच नाही. टिंब घाला, काढा, पत्र एकाच पेटीत पडतं. कुणा आडनावबंधूने आपला समजून पिंट्याचाच पत्ता देऊन टाकला होता.

पिंट्या म्हणाला, "मग पासवर्ड बदलून मीच ते खातं बंद करतो. पासवर्ड बदलायचा मेल माझ्याकडेच येणार ना." मास्तरांनी मान डोलावली. ताई मात्र चिडली. "त्या खात्यात त्या माणसाचा फोन नंबर असेल, घरचा पत्ता असेल. चुकीच्या दारात पडलेलं पत्र आपण फोडतो का?" मी ताईच्या बाजूचा आहे. चूक त्या माणसाची, म्हणून त्याच्या घरात शिरायची मुभा आपल्याला मिळत नाही. मास्तरांना अजून पटलेलं नाही.

पण नुसतं 'उडव आणि विसर' हेही मला धोक्याचं वाटतं. कुणी मुद्दाम तुमच्या पत्त्यावर आधीच खातं उघडून ठेवायचं, आणि उद्या तुम्ही त्याच साइटवर गेलात की जुन्या पासवर्डने आत घुसायचं, असाही डाव असतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७५ नावाजलेल्या सेवा तपासल्या, त्यातल्या निदान ३५ ठिकाणी असा काही ना काही डाव साधत होता. दुवा न दाबणं हेच इथे आपल्या हातातलं मोठं शस्त्र. बऱ्याच साइटवर पत्ता पक्का झाल्याशिवाय खातं पुरतं चालू होत नाही, आणि पक्का करणारे आपणच.

आणि असे मेल एकदम शेकड्याने यायला लागले तर तो वेगळाच प्रकार. माझ्यावर ती रात्र आली होती. दोनशेच्या वर 'खातं पक्कं करा', 'वर्गणी पक्की करा', कुठल्या कुठल्या भाषांतले. मी वैतागून धडाधड उडवत सुटलो. त्या ढिगात मधेच एक खरा मेल होता, माझ्या कार्डावर झालेल्या खरेदीचा. तो हाती लागला तेव्हा सकाळ झाली होती. तो पाऊस त्या एका मेलवर माती टाकायलाच पाडला होता. म्हणून पिंट्याला आधी तेच विचारलं, "आज एकच आला ना? नीट बघ." त्याने स्पॅमही चाळला. एकच होता.

शेवटी पिंट्याने मेलमधलं काहीही न दाबता नवीन टॅब उघडला, साइटचं नाव हाताने टाइप केलं आणि मदतीच्या पानावर 'माझा पत्ता दुसऱ्या कुणी वापरला आहे' असं लिहून पाठवलं. पासवर्ड कुठेही टाकला नाही. आम्ही उठायच्या बेतात होतो तेवढ्यात त्याचा फोन वाजला. 'तुम्ही अजून खातं पक्कं केलेलं नाही', तेच निळं बटण. त्याने फोन खिशात टाकला.