चालू गाडीची बॅटरी सोडवू नका

मोटरसायकलच्या बॅटरीबद्दलचा एक संदेश सध्या मोबाईलवर खूप फिरतो आहे. सेल्फ लागत नसेल तर गाडी किकने चालू करा आणि बॅटरीची एक वायर सोडवा, असं तो सांगतो. इंजिन बंद पडलं तर चार्जिंग गेलं, चालू राहिलं तर बॅटरी खराब. पुढे आणखी तीन गोष्टी आहेत: मीटरवर 12 व्होल्ट दिसले की बॅटरी चांगली, रोज दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवली की बॅटरी भरते, आणि चार्जिंग होत नसेल तर रेग्युलेटर बदला, काम झालं.

वायर सोडवण्याचा सल्ला यात सर्वांत घातक आहे. इंजिनबरोबर मॅग्नेट फिरतो आणि कॉइल प्लेटमध्ये एसी वीज तयार होते. चुंबक कायमचा असल्यामुळे रेस वाढेल तसे व्होल्ट वाढतात. थ्री-फेज (तीन वायरींच्या) प्लेटचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडून 5000 आरपीएमला मोजलं तर 50 व्होल्टच्या वर एसी सहज दिसतो. त्याचे 14 व्होल्टच्या आसपास डीसी करायचं काम रेग्युलेटरचं, पण त्यातले चढउतार बॅटरी पोटात घेते. ती मधून काढली की झटके थेट ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), स्पीडोमीटर आणि एलईडी दिव्यांवर जातात. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचं मानक लागू झालं आणि आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या नव्या पेट्रोल मोटरसायकली इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी ईसीयूच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या, झाल्या. अशा गाडीचा ईसीयू उडाला तर बॅटरीच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो.

एवढा धोका पत्करून उत्तर तरी खरं मिळावं, तर तेही नाही. कार्बोरेटरच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत सीडीआयला (प्लगमध्ये ठिणगी पाडणाऱ्या डबीला) प्लेटवरच्या वेगळ्या कॉइलमधून वीज मिळते. तिथे चार्जिंग पूर्ण बंद असलं तरी इंजिन चालूच राहतं. मग माणूस नवी बॅटरी घेतो आणि तीही थोड्याच दिवसांत बसते. उलट इंजेक्शनची गाडी चार्जिंग ठीक असूनही वायर काढताच बंद पडू शकते.

त्याऐवजी साधा मल्टीमीटर घ्या, 20 व्होल्ट डीसीवर लावा आणि बॅटरी जोडलेली ठेवूनच मोजा. गाडी काही तास बंद राहिल्यावर भरलेली बॅटरी 12.6 ते 12.8 दाखवते. इंजिन चालू करून 4000–5000 आरपीएमला आकडा साधारण 13.5 ते 14.7 मध्ये यायला हवा. रेस देऊनही तो 13 च्या खालीच राहिला तर बॅटरीपर्यंत चार्जिंग पोचत नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर व्होल्ट आवरत नाही. मग नवी बॅटरीही उकळून मरणार.

आता 12 व्होल्टचं. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी भरलेली, 12.0 म्हणजे पावभर. शिवाय नुसता आकडा पुरत नाही. मीटर बॅटरीवर ठेवून सेल्फ दाबा. व्होल्ट 9.5–10 च्या वर टिकले पाहिजेत. आधी 12.6 आणि सेल्फ दाबताच 7 दिसत असेल, तर बॅटरीची ताकद संपली आहे.

जागेवर गाडी चालू ठेवण्यात पेट्रोल जातं, हाती फार काही लागत नाही. आयडलला, म्हणजे रेस न देता, प्लेट कमी वीज देते. 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या गाड्यांत हेडलाइट कायम पेटलेला असतो, आणि 35 वॅटचा बल्ब एकटाच सुमारे 3 अँपिअर खातो. बॅटरी भरायची तर चार्जर लावा. 5 एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीची साठवण) बॅटरीला अर्धा अँपिअर देऊन रात्रभर ठेवलं की पुरतं.

रेग्युलेटर जातो हे खरं, पण तो का गेला हे कोणी पाहत नाही. आधी त्याचा कपलर सोडून बघा. आपल्या पावसाळ्यात, कोकणात तर विशेषच, पिनांवर हिरवा थर चढतो. सांधा तापतो आणि प्लास्टिक वितळतं. मग प्लेटकडून येणाऱ्या तीन वायरी (बहुतेक गाड्यांत पिवळ्या) तपासा. रेस देऊन कोणत्याही दोघींमध्ये एसी व्होल्ट सारखेच यावेत, आणि इंजिन बंद असताना एकीचीही बॉडीशी कंटिन्युइटी (विजेचा सलग संपर्क) नसावी. तसं नसेल तर प्लेट जळाली आहे. तिसरी तपासणी फार थोडे लोक करतात: इंजिन चालू ठेवून मीटरची एक टोचणी रेग्युलेटरच्या आउटपुट वायरवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर ठेवा. फरक 0.3 व्होल्टच्या वर असेल तर मधला फ्यूज, वायर किंवा सांधा दोषी आहे. मायनसच्या बाजूनेही असंच पाहा, कारण गंजलेली अर्थिंग नवा रेग्युलेटर लावूनही तशीच राहते.

सगळे आकडे बरोबर, तरी उभ्या गाडीची बॅटरी उतरते, या तक्रारीबद्दल संदेशात अवाक्षर नाही. इथे मात्र बॅटरीची वायर काढायची असते, पण इंजिन आणि चावी बंद ठेवून. मायनसची वायर सोडवा, मीटर अँपिअरवर लावून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये जोडा. या अवस्थेत चावी फिरवू नका, सेल्फला तर हातच लावू नका. मीटरचा फ्यूज उडेल. काही मिलिअँपिअर घड्याळ आणि ईसीयू घेतातच. 50 दिसत असतील तर दिवसाला 1.2 एएच गळतात आणि 5 एएचची बॅटरी चार-पाच दिवसांत रिकामी होते. बहुतेकदा जीपीएस ट्रॅकर, अलार्म किंवा थेट बॅटरीवर जोडलेला मोबाईल चार्जर निघतो. आधी ही बाहेरून जोडलेली यंत्रं सोडवा, मग एकेक फ्यूज काढत जा. ज्यावर आकडा खाली येईल, त्याच सर्किटमध्ये गळती आहे.