पलासियाचा लाल दिवा आणि आपले चालू इंजिन

सकाळी कचऱ्याची गाडी आली की आमच्या रामबागेतल्या गल्लीत ओला आणि सुका कचरा आपापल्या डब्यांतून बाहेर येतो, आणि संत्र्याची साल सुक्याच्या डब्यात सापडली तर आमच्या घरी त्यावर रीतसर सुनावणी होते. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळवणाऱ्या इंदूरला ही शिस्त अंगवळणी पडली आहे. मात्र गाडी गल्लीबाहेर गेल्यावर पाचच मिनिटांत, चारशे पावलांवरच्या दुकानातून दुधाची पिशवी आणण्यासाठी याच गल्लीतून एक स्कूटर निघते. ती स्कूटर माझी आहे, म्हणून तिच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मी घेतो.

गेल्या गुढीपाडव्यापासून मी गाडीच्या आणि स्कूटरच्या प्रत्येक फेरीचे अंतर एका वहीत लिहू लागलो. महिन्याअखेरीस दिसले की अर्ध्याहून अधिक फेऱ्या दोन किलोमीटरच्या आतल्या होत्या. मी त्यांना किरकोळ समजत होतो, आणि धुराच्या हिशेबात त्याच सर्वांत महाग निघतात. गार इंजिन सुरू होताना त्याला जास्त पेट्रोल लागते, आणि धुरातले विषारी वायू निष्प्रभ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही शे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. दूध घेऊन मी परत येतो तोवर तो बिचारा जेमतेम कोमट झालेला असतो. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या, गाडीच्या धुरावर मर्यादा घालणाऱ्या बीएस-6 मानकांमुळे नव्या गाड्या खूपच स्वच्छ झाल्या हे खरे, परंतु ती स्वच्छता पुरेपूर मिळते ती इंजिन तापल्यानंतर. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो मात्र मानक कोणतेही असले तरी जातोच.

दुसरी गोष्ट सिग्नलची. इंदूरच्या पलासिया चौकात लाल दिव्याचा आकडा नव्वदवरून खाली उतरत असतो आणि आजूबाजूच्या बहुतेक गाड्या, एसी लावून, जागच्या जागी घुरघुरत असतात. उभी लहान गाडी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल सहज पिते, एसी असेल तर त्याहून जास्त. दहा सेकंदांपेक्षा अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करण्यातच बचत आहे. पुन्हा सुरू करताना जास्त पेट्रोल जाते हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला आहे, आजच्या इंधन इंजेक्शनच्या गाड्यांना तो लागू नाही. आमचे आबा मात्र अजूनही तो वेदवाक्यासारखा सांगतात.

टायरच्या हवेबाबत मी स्वतः लाजिरवाणा निष्काळजी होतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर 33 लिहिलेले असताना चारही चाकांत 24 ते 26 हवा निघाली. त्याआधी ज्याने भरली होती त्याने मापकाकडे न पाहता, चाकाला लाथ मारून अंदाज घेतला होता, आणि मीही त्या लाथेवर विश्वास ठेवला. इतक्या कमी हवेने इंधनाचा खर्च दोनेक टक्क्यांनी वाढतो. टायर झिजून त्याचे कण रस्त्यावर आणि हवेत मिसळतात ते वेगळेच. ही झीज विद्युत गाडीचीही चुकत नाही. विद्युत गाडी घ्यावी, घेता येत असेल तर जरूर घ्यावी. परंतु ती घेतल्यावरही दुधासाठी तिच्यातून गेलो तर माझे वागणे फारसे सुधारले असे मी म्हणणार नाही.

आता सार्वजनिक वाहतुकीविषयी, जिथे माझे मन खट्टू होते. देवगुराडियाच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी तयार होतो आणि त्यावर शहराच्या बसगाड्या धावतात, म्हणजे आमच्या संत्र्याच्या सालीचा प्रवास बसच्या टाकीपर्यंत होतो. हे फार थोड्या शहरांना जमले आहे. याच शहरात 2013 मध्ये आग्रा-मुंबई रस्त्यावर सुरू झालेल्या बीआरटीएसची, म्हणजे फक्त बससाठी राखीव असलेली, मार्गिका हटवण्याचा निर्णय झाला आणि 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्याला परवानगीही दिली. मार्गिकेत दोष होते, कोंडी होत होती, हे मान्य आहे. पण बसला मोकळा रस्ता मिळावा हा विचार चुकीचा होता असे मला वाटत नाही. गाड्यांना रुंद रस्ता दिला की त्या रस्त्यावर आणखी गाड्या येतात, हे इंदूरकराने राजवाड्याच्या आसपास पार्किंग शोधताना प्रत्यक्ष अनुभवले आहे.

वहीचा नवा महिना परवा संपला. दोन किलोमीटरच्या आतल्या एकतीस फेऱ्यांवरून संख्या अकरावर आली आहे. त्यातल्या चार माझ्या गुडघ्याच्या नावावर आहेत आणि बाकीच्या निव्वळ आळसाच्या. पलासियाला मी आता इंजिन बंद करतो. आकडा पाचवर आला की किल्ली फिरवतो, आणि मागचा रिक्षावाला तीनपासूनच हॉर्न वाजवू लागतो.