दादा, बॉस आणि ७४ ५४ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

(काका म्हटलेलं चालेल ना? आरटीओत तीस वर्षं काढलीत असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे माझ्या बाबांच्या वयाचे असाल.)

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या खेळवेड्यांच्या नंबरप्लेटांचे मी जे फोटो टाकते, त्यावर तुम्ही चांगलंच झापलंत. परक्यांच्या गाडीचा नंबर चारचौघांत टांगणं हा आगाऊपणा आहे, उद्या कुणी त्यावरून त्यांचं घर शोधलं तर? शिवाय आम्ही इथे ‘दादा’ आणि ‘बॉस’वाल्यांच्या पावत्या फाडून थकलो आणि तुम्ही तिकडच्या फॅन्सी प्लेटांचं कौतुक करत बसता. आणि जाता जाता, शिकल्यासवरल्या बाईने पार्किंगमध्ये गाड्यांच्या मागे मागे हिंडावं का.

शेवटचं आधी घेते, ते सोपं आहे. हो, हिंडते. नवरा भाजी घेतो, मी गाड्या बघते. वीस वर्षांच्या संसारात इतकी सोयीची वाटणी दुसरी झालेली नाही. मात्र गाडी चालवताना मी फोटो काढते हा तुमचा समज चुकीचा आहे. इथे २०२१पासून चालवताना हातात फोन धरायलाच बंदी आहे, आणि त्याआधीही माझी तेवढी हिंमत नव्हती.

आता दादा आणि बॉस. ४१४१वर रेघ ओढली की दादा, ८०५५चा बॉस, २१४चा राम. हे वाचतच मी पुण्यात मोठी झाले, त्यामुळे तुमचा वैताग कळतो. पण तिथला गुन्हा नंबर निवडण्यात नाही, तो वाकवण्यात आहे. पसंतीचा क्रमांक तर तुमचं खातंच पैसे घेऊन देतं. माझ्या भाच्याने बाइकला ००४५ घेतला तो रोहित शर्मासाठी, रीतसर, पावती फाडून. इथे वाकवायची सोयच नाही. अक्षरं-आकडे मिळून जास्तीत जास्त सात, ते तुम्ही सुचवायचे, डीएमव्हीने, म्हणजे इथल्या आरटीओने, तपासायचे आणि सरकारी ठशातच छापून द्यायचे. वर्षाला दहा डॉलर जास्तीचे. इतकं स्वस्त म्हटल्यावर काय होणार? २००७ साली अमेरिकाभर झालेल्या पाहणीत अशा प्लेटांमध्ये व्हर्जिनिया पहिला होता, सुमारे १६ टक्के गाड्या. सिग्नलला तुमच्यापुढे सहा गाड्या उभ्या असल्या तर एक तरी काहीतरी बोलत असते.

आणि सातच अक्षरं असल्यामुळे ती कोड्यात बोलते. मला नाद लागला तो त्या कोड्यांचा.

एक सांगते. एका निळ्या जुन्या गाडीवर वॉशिंग्टनच्या बेसबॉल संघाच्या, म्हणजे नॅशनल्सच्या, नावाची तीन अक्षरं आणि पुढे १९३१. मी फोटोखाली बिनधास्त लिहून टाकलं की आजोबांचं जन्मसाल असणार, तीन पिढ्यांचं प्रेम वगैरे. दोन परिच्छेद गहिवरून लिहिले. मग एका वाचकाने कान धरला. ते साल नव्हतंच. ते १९-३१ होतं. २०१९च्या हंगामात नॅशनल्स पहिल्या ५० सामन्यांत १९ जिंकून ३१ हरले होते आणि लोकांनी त्यांना मोडीत काढलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ह्यूस्टनमध्ये अंतिम मालिकेचा सातवा सामना जिंकून तो संघ जगज्जेता झाला. वॉशिंग्टनला आधीचं विजेतेपद मिळालं होतं १९२४ साली, म्हणजे मध्ये ९५ वर्षं. आता बघा, त्या माणसाला २०१९ लिहिता आलं असतं, ‘चॅम्प’ लिहिता आलं असतं. त्याने दहा डॉलर भरून मिरवला तो मे महिन्यातला रडका हिशेब. घरी उपासमार चालू होती तेव्हाही आम्ही पंगतीत होतो, असं सांगणारी ती प्लेट. मी तिचं आजोबा करून टाकलं होतं. माझा तो मजकूर अजून तसाच आहे, खाली दुरुस्ती जोडून.

दुसरी गोष्ट अमेरिकन फुटबॉलची. वॉशिंग्टनच्या संघाचं जुनं नाव मूळ अमेरिकी लोकांना हिणवणारं होतं. ते २०२०मध्ये काढलं, दोन हंगाम संघ नुसता ‘वॉशिंग्टन फुटबॉल टीम’ म्हणून खेळला आणि २०२२मध्ये ‘कमांडर्स’ झाला. एकाच गाडीचे माझ्याकडे दोन फोटो आहेत, आमच्या ऑफिसच्या पार्किंगमधले, एक २०१९चा, एक २०२२चा. प्लेटभोवतीची चौकट नव्या नावाची आली, पण मधली अक्षरं जुन्याच नावाची आद्याक्षरं. हट्ट म्हणावा, आळस म्हणावा, की माणूस मधल्यामध्ये अडकलाय? तुम्ही म्हणता मी सगळ्यांचं कौतुक करते. ह्याचं नाही केलं. नुसते दोन्ही फोटो शेजारी लावले.

आता तुमचा पहिला मुद्दा. तो मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तिथे तुम्ही मला पकडलंय.

कायद्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. कॅलिफोर्नियात १९८९ साली रिबेका शेफर ह्या तरुण अभिनेत्रीचा तिच्याच दारात खून झाला. मारेकऱ्याने एका खाजगी गुप्तहेराकरवी तिचा पत्ता काढला होता, आणि तो पत्ता आला होता डीएमव्हीच्या नोंदींतून. त्यानंतर १९९४मध्ये देशभरासाठी कायदा झाला. आता नुसता नंबर देऊन वाटेल त्याला मालकाचं नाव-पत्ता मिळत नाही. शिवाय माणसाने प्लेट घेतलीच ती मागच्याने वाचावी म्हणून. एवढं लिहून मी ‘पाठवा’ दाबणार होते.

पण त्याआधी सगळे फोटो पुन्हा उघडून बघितले, तुमच्या नजरेने. एकशे बारा आहेत. एका फोटोत गाडी घरासमोरच्या उतारावर उभी आहे आणि दारावरचा घरनंबर स्वच्छ वाचता येतो. दुसऱ्यात काचेवर मुलाच्या शाळेचं स्टिकर. तिसऱ्यात हॉस्पिटलचा पार्किंग पास. नंबरवरून घर शोधायची गरजच नाही काका, मी घरच फोटोत घेतलं होतं. आणि साधा नंबर कुणाच्या लक्षात राहत नाही, हा मात्र एकदा वाचला की विसरत नाही. तीनही फोटो काल रात्री काढून टाकले. यापुढे मालकाला विचारलं असेल तरच फोटो. नाहीतर प्लेट कागदावर मीच काढीन, स्केचपेनने, गाडीशिवाय. माझी चित्रकला दहावीनंतर थांबलीय, तेव्हा सहन करा.

विचारण्याचा अनुभव एकदाच घेतलाय, तो सांगते आणि थांबते. रेस्टनमधल्या वाणसामानाच्या दुकानाबाहेर एका गाडीवर नुसतं ७४ ५४. टीम नाही, अक्षर नाही. मी पाच मिनिटं उभी. गाडीचा मालक दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आला, आपल्याकडचाच मुलगा, हैदराबादचा. मी चाचरत विचारलं तर इतका खूश झाला की आंब्याची पेटी बॉनेटवर ठेवून सांगायला लागला. बाल्टिमोरजवळच्या यूएमबीसी ह्या विद्यापीठातून त्याने एमएस केलंय. १६ मार्च २०१८ला सोळाव्या मानांकनाच्या त्या नवख्या कॉलेजने बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनिया विद्यापीठाला ७४-५४ असं धुतलं. पुरुषांच्या त्या स्पर्धेत तोवर पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्याशी १३५ वेळा खेळला होता आणि एकदाही हरला नव्हता. हा पोरगा राहतो व्हर्जिनियात, ऑफिसात सगळे त्याच विद्यापीठाचे, आणि हा रोज त्यांच्या शेजारी गाडी लावतो.

“ते काही बोलत नाहीत?” मी विचारलं.

“पुढच्याच वर्षी ते चॅम्पियन झाले ना,” तो म्हणाला. “माझ्या बॉसने ८५ ७७ घेतलाय. फायनलचा स्कोअर.”

ते दोघे शेजारी उभे असतानाचा फोटो द्यायला दोघांचीही परवानगी आहे. पुढच्या रविवारी टाकते. आणि काका, खिडकीच्या त्या बाजूला तीस वर्षं बसलात, तेव्हा कुणी कुठला नंबर का मागितला ते तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक असणार. नावं गाळून दोन-चार किस्से लिहून पाठवाल का?